रुंगहोल्ट : चिखलाखालचा परगणा

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेजवळ, फ्रिजियन लोकांचा किनारी मुलूख आहे. तिथे ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटतो आणि उघडा पडतो तो नुसता चिखल. या चिखलात, झ्युडफॉल नावाच्या चिमुकल्या बेटाभोवती, एक अख्खा परगणा गाडला गेला आहे. त्यातलं नावाजलेलं गाव रुंगहोल्ट. जानेवारी १३६२ मध्ये वादळी उधाण आलं, बांध फुटले आणि रुंगहोल्ट गेलं ते कायमचं.

पुढे त्याची दंतकथा झाली. गावकरी पैशाने माजले, त्यांनी डुकराला दारू पाजून अंथरुणात निजवलं आणि मरणाऱ्यासाठीचा धर्मविधी करायला पाद्र्याला बोलावलं, म्हणून देव कोपला, असं लोक सांगत आले. बुडालेल्या घंटा पाण्याखालून ऐकू येतात, असंही म्हणत. गाव खरंच होतं का, अशी शंका घेणारेही पुष्कळ होते.

शंका फिटायला सुरुवात झाली ती एका शेतकऱ्यामुळे. शेजारच्या नॉर्डस्ट्रांडवर राहणारे आंद्रेयास बुश १९२१ पासून ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत हिंडू लागले. त्यांना विहिरी सापडल्या, घरांच्या जागा सापडल्या, बांधातल्या लाकडी दरवाजाचे अवशेष सापडले. आपल्या कोकणातल्या खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तसाच हा दरवाजा : ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला समुद्र बाहेर अडवायचा. बुश यांनी प्रत्येक खूण मोजली, नकाशावर नोंदवली. शिकलेल्या संशोधकांच्या बरोबरीने त्यांचं नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आज तिथे कील आणि माइन्झ विद्यापीठांचे संशोधक काम करतात. दोन भरत्यांच्या मधले मोजके तास हाताशी असतात. तेवढ्यात हलक्या गाड्यावर चुंबकीय उपकरणं लादून ती चिखलावरून ओढायची, त्यातून जमिनीखालचं चित्र मिळवायचं आणि मोक्याच्या जागी धातूची चौकट रोवून चौरस मीटरभर खणायचं. २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी जाहीर केलं की, वस्तीच्या उंचवट्यांची दोन किलोमीटर लांबीची रांग सापडली आहे आणि त्यातल्या एका उंचवट्यावर सुमारे ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद चर्चचा पाया आहे. तोपर्यंत दहा चौरस किलोमीटरांहून मोठ्या पट्ट्यात असे ५४ उंचवटे नोंदवले गेले होते. माणसांनी माती टाकून उभारलेले हे उंचवटे, त्यांना म्हणतात वार्फ्ट. घर, गोठा, विहीर सगळं त्यांच्यावर.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते मात्र तिथले चर. शेताशेतांतून पाणी काढून नेणाऱ्या, सरळ खणलेल्या चरांचं जाळं चिखलात अजून ओळखू येतं. ही जमीन मुळात दलदल. चिकणमातीच्या खाली पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा थर. पाणी काढलं की पीट आकसतं, हवा लागून झिजतं आणि वरची जमीन खचते. त्यातच समुद्राच्या खाऱ्या पाण्याने भिजलेलं पीट खणून, वाळवून जाळायचं आणि त्याच्या राखेतून मीठ काढायचं, हा तिकडचा किफायतीचा धंदा. खणलं तिथे जमीन आणखी खाली गेली. पिढ्यान् पिढ्या बांधाआडचं शिवार असं खचत राहिलं आणि अखेर भरतीच्या पातळीच्या खाली आलं. मग बांध फुटल्यावर आत शिरलेला समुद्र परत जाणार कुठे? रोज दोनदा तो येतच राहिला.

म्हणून डुकराची ती गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. चिखलात दिसतात ती कष्टाळू माणसं : दलदलीतून शेतं काढणारी, मीठ पिकवणारी, दूरदूरच्या बंदरांशी व्यापार करणारी. हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांशी त्यांचे संबंध होते, हे त्या काळच्या कागदपत्रांतही आहे.

आता घाई आहे ती वेगळीच. गाळाने साडेसहाशे वर्षं जे झाकून ठेवलं, ते समुद्राचे प्रवाह उघडं पाडून झिजवत आहेत. झ्युडफॉलभोवती कित्येक ठिकाणी वार्फ्ट पार वाहून गेले आहेत, उरले आहेत ते चिखलातले नुसते ठसे. चर्चच्या जागेचीही तीच गत सुरू आहे. त्यामुळे पुढचं मोजमाप लवकरात लवकर व्हायला हवं, असं हे संशोधकच कळकळीने सांगत आहेत.

नमस्कार.