उशाशी एक पेन्सिल

नमस्कार मंडळी. दिवा मालवून, रेडिओ कानाशी घेऊन पडला असाल तर उत्तम, कारण आजचं बोलणं झोपेतलंच आहे. स्वप्नं. त्यांना अर्थ असतो का, आणि लिहिणाऱ्या माणसाला त्यांचा काही उपयोग होतो का. खरं सांगू का, अर्थाबद्दल मी थोडंच बोलणार आहे, मला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती मी आजवर इतक्या वेळा सांगितलीय की घरात मी नुसतं 'एकदा काय झालं' म्हटलं तरी लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात. तुम्ही कुठे जाणार, तुम्ही अंथरुणात आहात.

पण आधी थोडी तयारी. रात्रभरात झोपेच्या चार-पाच फेऱ्या होतात, एक फेरी साधारण दीड तासाची. फेरीच्या शेवटाकडे एक टप्पा येतो, त्यात डोळे मिटलेले असतात पण पापण्यांच्या आत बुबुळं भराभर हलत असतात आणि हातपाय मात्र लुळे. याला रेम झोप म्हणतात, आणि गोष्टीसारखी ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. शिकागो विद्यापीठातल्या यूजीन असेरिन्स्की आणि नथॅनिअल क्लाइटमन यांनी १९५३ साली हे जगापुढे मांडलं. असेरिन्स्कीने डोक्याला तारा लावून बघायला सुरुवात केली ती स्वतःच्या आठ वर्षांच्या पोरापासून. म्हणजे बघा, माणूस माणसाच्या शेजारी हजारो वर्षं झोपत आलाय आणि शेजारच्याच्या पापणीखाली काय चाललंय हे नीट बघायला १९५३ साल उजाडावं लागलं.

तर हा रेमचा टप्पा पहिल्या फेरीत जेमतेम काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. सगळ्यात लांब स्वप्नं पहाटे, आणि त्यातून लगेच जाग येते म्हणून ती लक्षातही राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात ना, खरं होतं का ते सोडा, पण लक्षात राहतं हे नक्की. परत सांगते, पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं. आणि आपण काय करतो, नेमका तेव्हाच अलार्म लावतो, बरं एकाने भागत नाही, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चार लावतो, चारही बंद करतो आणि मग उशीर झाला म्हणून घरभर चिडचिड करतो. ज्याने कोणी ते स्नूझचं बटण काढलं त्याच्याबद्दल माझं मत रेडिओवर सांगण्यासारखं नाही. असो.

आता अर्थ. आपल्याकडे एका ओळीत सांगून ठेवलंय, मनी वसे ते स्वप्नी दिसे. व्हिएन्नाचा मनोविश्लेषक डॉक्टर फ्रॉइड, त्याने यात भर घातली की मनात जे वसतं ते सरळ दिसत नाही, दाबून ठेवलेली इच्छा वेष पालटून येते. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक निघालं १८९९ च्या नोव्हेंबरात, त्यावर साल मात्र टाकलं १९००, नव्या शतकाचं दिसावं म्हणून, आणि छापलेल्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली. माझ्या ओळखीतले जे लेखक पहिलं पुस्तक सहा महिन्यांत संपलं नाही म्हणून तोंड पाडून बसलेत त्यांनी हा आकडा पाकिटात ठेवावा. मग १९७७ साली हार्वर्डचे हॉब्सन आणि मॅकार्ली म्हणाले की अहो एवढं काही नाही, झोपेत मेंदूच्या बुडाकडून वेडेवाकडे संदेश वर जातात आणि वरचा मेंदू बिचारा त्यांची कशीतरी गोष्ट जुळवतो. यावरही पुढे पुष्कळ वाद झाले. पण मला त्यातला तो 'गोष्ट जुळवतो' हा भाग फार आवडतो. म्हणजे ज्याला आयुष्यात निबंधसुद्धा जमला नाही त्याच्याही डोक्यात रात्री एक लेखक ड्यूटीवर असतो.

मात्र ती स्वप्नफळाची पुस्तकं आणि आता ॲप, साप दिसला तर अमुक आणि दात पडला तर तमुक, त्यांच्या नादी लागू नका. दात पडल्याचं स्वप्न दाताच्या डॉक्टरला पडलं आणि ज्याचा दात खरंच हलतोय अशा सात वर्षांच्या पोराला पडलं, तर दोघांना एकच फळ? अर्थ सापाला किंवा दाताला चिकटलेला नसतो, तो ज्याचं स्वप्न त्याच्याकडे असतो. म्हणून उठल्यावर याचा अर्थ काय हे विचारूच नका, मला कसं वाटत होतं हे विचारा. भीती, लाज, हलकं वाटणं, कोणाबद्दल तरी चुटपुट. लिहिणाऱ्याच्या कामाचं ते आहे.

आणि स्वप्नातून लिहिण्याची गोष्ट आपल्याला काही नवी नाही. तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलंय, स्वप्नात नामदेव आले, बरोबर पांडुरंग, आणि काम सांगून गेले की कवित्व कर. तुम्हाआम्हाला स्वप्नात सुट्टी मिळते, तुकोबांना टार्गेट मिळालं, नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता, त्यातले राहिलेले पुरे करायचं.

बरं, आता माझी गोष्ट. एकदा काय झालं.

ऑस्ट्रियात ग्राझ नावाचं शहर आहे, तिथे ऑटो लोवी नावाचे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. यांना खरं म्हणजे कलेचा इतिहास शिकायचा होता, घरच्यांनी डॉक्टरकीला घातलं, म्हणजे तिकडेही तेच. त्या काळी शास्त्रज्ञांचं एक मोठं भांडण चालू होतं. मज्जातंतू, म्हणजे बोलताना आपण जिला नस म्हणतो ती, स्नायूला निरोप देते तो कसा देते? विजेने, की काहीतरी रसायन सोडून? बहुतेकांचा कौल विजेला. लोवींच्या मनात १९०३ साली एका मित्राशी बोलताना येऊन गेलं होतं की रसायन असावं. पण सिद्ध कसं करायचं ते सुचेना, म्हणून तो विचार ठेवून दिला आणि विसरून गेले.

सतरा वर्षं गेली. सतरा हं.

ईस्टरच्या आदल्या रात्री लोवी झोपलेत, स्वप्न पडलं, स्वप्नात आख्खा प्रयोग दिसला, जाग आली. माणूस हुशार, त्यांनी दिवा लावला, हाताला लागला तो पातळ कागदाचा चिटोरा घेतला, त्यावर खरडलं आणि निवांत झोपले. सकाळी सहाला आठवलं की अरे, रात्री आपण काहीतरी फार महत्त्वाचं लिहून ठेवलंय. चिटोरा घेतला. वाचता येईना! स्वतःचं अक्षर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, आणि एक शब्द लागेना. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

तो दिवस त्यांचा कसा गेला असेल याची कल्पना करा. स्वप्न पडलं हे आठवतंय, महत्त्वाचं होतं हे आठवतंय, कागद हातात आहे, आणि काय होतं ते मात्र नाही. तुमचंही होतं ना असं, जिभेच्या टोकावर आलेलं नाव सापडत नाही तेव्हा? तेच, पण सतरा वर्षं अडलेल्या गोष्टीचं.

दुसरी रात्र. पहाटेचे तीन. आणि मंडळी, तेच स्वप्न परत आलं!

आता हा माणूस काय करतो? चिटोरा शोधत नाही, दिवा लावून खरडत बसत नाही, तडक उठतो आणि प्रयोगशाळेत जातो, पहाटे तीन वाजता. प्रयोग काय, तर बेडकाची दोन हृदयं. बेडकाचं हृदय बाहेर काढून खारट पाण्यात ठेवलं तरी बराच वेळ धडधडत राहतं. एका हृदयाला त्याची व्हेगस नावाची नस जोडलेली, दुसरं मोकळं. पहिल्याच्या नसेला विजेचा हलका झटका दिला, त्याची धडधड मंदावली, इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आता त्या पहिल्या हृदयातलं पाणी उचललं आणि दुसऱ्या हृदयाला दिलं. नीट ऐका, दुसऱ्याला नस नाही, झटका नाही, नुसतं पाणी. आणि दुसरंही मंदावलं. म्हणजे नसेने काहीतरी सोडलं होतं आणि ते पाण्यातून आलं होतं. संपलं भांडण! निदान लोवींच्या मनातलं तरी, बाकीचे अजून बरीच वर्षं भांडत बसले. हे काम १९२१ साली छापून आलं, आणि १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

मला या गोष्टीत बेडकापेक्षा वेगळंच काही आवडतं. लोवींनी पुढे लिहून ठेवलंय की दिवसा नीट विचार केला असता तर मी हा प्रयोग केलाच नसता. नसेतून रसायन सुटलं तरी ते तिथल्या तिथे पुरेल एवढंच सुटणार, बाहेरच्या पाण्यात उरणार कुठून, असं म्हणून सोडून दिलं असतं. दिवसा आपल्या डोक्यात एक हेडमास्तर बसलेला असतो ना, हे असं कसं, याला पुरावा काय, लोक काय म्हणतील, तो रात्री झोपलेला असतो. पहाटे तीनला तो उठायच्या आत लोवींनी काम उरकून घेतलं. लिहिणाऱ्यांनी एवढंच धरून ठेवा, हेडमास्तर उठायच्या आत.

आणि आता सांगतेच आहे तर शेपूटही ऐका. १९३८ च्या मार्चमध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला त्याच रात्री लोवींना पकडून नेलं, ते ज्यू होते. वय चौसष्ट. उद्या जिवंत असू की नाही माहीत नाही, आणि कोठडीत हा माणूस पहारेकऱ्याकडे काय मागतो, तर एक पोस्टकार्ड आणि लिहायला काहीतरी. हातातल्या संशोधनाचे निष्कर्ष त्यावर लिहून विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवायला लावले, आपल्याबरोबर ते जायला नकोत म्हणून. पुढे सुटले, नोबेलचे पैसे मात्र नाझींच्या ताब्यातल्या बँकेत भरायला लागले, मग देश सोडला, आणि अमेरिकेत १९६१ पर्यंत जगले.

बघा, अर्धा वेळ गेला, नेहमीचंच. काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत. आता लिहिण्याचं भराभर सांगते.

जाग आली की हलू नका. कूस बदलली की स्वप्न सांडतं, निदान माझं तरी सांडतं. डोळे मिटलेलेच ठेवा आणि शेवटचं चित्र धरून मागे मागे जा. मोबाइल घेऊ नका, अलार्म बंद करायलासुद्धा घेऊ नका, एक मेसेज दिसला की संपलं. उशाशी वही ठेवा, आणि पेन नाही, पेन्सिल. आडवं पडून पेन चालत नाही, आणि घरातलं जे पेन जवळ असतं ते कधीच उमटत नाही, हा तर निसर्गनियमच आहे. लिहिताना वर्तमानकाळात लिहा, मी जिना उतरतेय, पाणी गार आहे, असं. उतरलो होतो, गेलो होतो लिहायला लागलात की लगेच शहाणपण शिरतं. आणि मोठ्या अक्षरात लिहा, लोवी आठवा.

दुसरं असं की स्वप्न जसंच्या तसं कथेत घालू नका. स्वप्न ज्याला पडतं त्याला भारी असतं, ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, तुम्हीच आठवा सकाळी सकाळी तुम्हाला कोणी स्वप्न सांगायला लागलं की तुमचं लक्ष कुठे असतं. आणि 'तेवढ्यात मला जाग आली' असा शेवट करणाऱ्याला तर मी माफ करत नाही, वाचकाला दहा पानं चालवायचं आणि शेवटी म्हणायचं की रस्ताच नव्हता. स्वप्नातून एक चित्र घ्या, एक वाक्य घ्या, एक वाटणं घ्या, बस. स्टीव्हन्सन या लेखकाने १८८८ साली लिहून ठेवलंय की जेकिल आणि हाइडच्या गोष्टीतले दोन-तीन प्रसंगच स्वप्नात मिळाले, बाकी सगळं जागेपणी बसून केलं. परत सांगते, प्रसंग स्वप्नातला, मेहनत जागेपणीची.

वाईट स्वप्नांबद्दलही एक. तेच भयाण स्वप्न सारखं येत असेल, झोपेची वाट लागत असेल, तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. तिथे एक उपचार असा आहे की दिवसा, जागेपणी, त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो बदललेला शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायचा. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता, पुनर्लेखनाचा उपचार!

जाता जाता माझ्या वहीतलं सांगते. एका सकाळी वहीत एवढंच होतं, 'जिना. पाणी. मामी हसत नाही.' माझी मामी म्हणजे चालताबोलता हसणारी बाई, आणि स्वप्नात ती पाण्यात उतरणाऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती आणि माझ्याकडे नुसती बघत होती. अर्थ मी शोधला नाही. ते पाच शब्द वहीत चार महिने पडून राहिले, मग एक कथा झाली, त्यात पाणी नाही, जिना नाही, मामी पण नाही, एक दुकानदार आहे जो एक दिवस गिऱ्हाइकांशी हसायचा थांबतो. मामीला वाचून दाखवली. तिला दुकानदार फार आवडला, म्हणाली, "पण गं, हा मेला हसत का नाही?"

वेळ संपली. पेन्सिलीला टोक काढलंय ना? नमस्कार.