झाडाला लागलेली स्पॅगेटी

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनचं नाव काढलं की डोळ्यांपुढे पाऊस उभा राहतो. छत्र्या, रेनकोट, दिवसभराची रिपरिप. आता आकडा ऐका. लंडनमध्ये वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे ६०० मिलिमीटर. पुन्हा सांगतो, सहाशे. रोममध्ये याहून जास्त पडतो, आणि जिथले उन्हात न्हालेले समुद्रकिनारे आपण चित्रांत पाहतो, त्या सिडनीत तर जवळजवळ दुप्पट! मग बदनाम लंडनच का? कारण तिथला पाऊस पडतो थोडाच, पण सारखा येत-जात राहतो. सिडनीत तो धो धो कोसळून मोकळा होतो. म्हणजे समज अगदीच हवेतला नाही. परदेशांविषयीच्या गमतीदार समजांचं बहुतेक वेळा असंच असतं. त्यांना कुठेतरी खऱ्याचा टेकू असतो. हे लक्षात असू द्या, खऱ्याचा टेकू.

सहारा म्हटलं की वाळूच्या टेकड्या आणि उंट. वाळू तिथे आहेच, पण साधारण पाव भागात. बाकीचं वाळवंट खडकाळ, दगडगोट्यांचं. चाडमधला एमी कूसी हा ज्वालामुखी तर ३,४०० मीटरांहून उंच आहे. ग्रीनलंडचं म्हणाल, तर भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात तो थेट आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट. माझं तर स्पष्ट मत आहे, मुलं असलेल्या घरात नकाशाआधी पृथ्वीगोल आणावा.    असो, विषयाकडे येऊ या.

कारण मला खरी सांगायची आहे ती स्पॅगेटीची गोष्ट. स्पॅगेटी म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लांब इटालियन शेवया.

तारीख १ एप्रिल १९५७. हो, १ एप्रिल! बीबीसी टेलिव्हिजनवर 'पॅनोरमा' हा कार्यक्रम चालू होता. कार्यक्रम गंभीर, जगातल्या घडामोडींचा. निवेदक रिचर्ड डिंबलबी. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाचं वर्णन ब्रिटनने ज्या आवाजात ऐकलं, तो हा आवाज. कार्यक्रमाच्या अखेरीस तीनएक मिनिटांची एक फिल्म लागली. दक्षिण स्वित्झर्लंडमधला टिचिनो प्रांत, लुगानो सरोवराचा काठ. डिंबलबी नेहमीच्या भारदस्त स्वरात सांगू लागले, की यंदा हिवाळा सौम्य गेला, त्यामुळे स्पॅगेटीचं पीक भरघोस आलं आहे. आणि पडद्यावर झाडं दिसली. फांदीफांदीवरून स्पॅगेटी लोंबते आहे, बायका शिडीवर चढून ती अलगद तोडताहेत, टोपल्यांत भरताहेत, उन्हात वाळत घालताहेत.

डिंबलबी पुढे म्हणाले, मार्चचे शेवटचे दोन आठवडे शेतकऱ्याच्या जिवाला घोर असतो, उशिरा हिम पडलं तर स्पॅगेटीची चव बिघडते. तिला लागणारी कीडही यंदा जवळपास नाहीशी झाली आहे. बरं, सगळ्या स्पॅगेटी एकाच लांबीच्या कशा? तर वाण सुधारणाऱ्यांनी वर्षानुवर्षं घेतलेली ती मेहनत!

कल्पना होती कॅमेरामन चार्ल्स द येगर यांची. ते मूळचे व्हिएन्नाचे. शाळेत त्यांचे एक शिक्षक म्हणायचे, "तुम्ही इतके मठ्ठ आहात, की स्पॅगेटी झाडाला लागते म्हटलं तरी खरं मानाल." ते वाक्य या माणसाने डोक्यात जपून ठेवलं आणि १०० पौंडांच्या खर्चात फिल्म करून दाखवली. सोपं नव्हतं ते. स्पॅगेटी वाळायची, फांदीवर लोंबेना. उकडून पाहिली, तर गुळगुळीत होऊन घसरायची. शेवटी ती ओल्या फडक्यांत दमट ठेवली आणि मग एकेक फांदीवर टाकली.

फिल्म संपली आणि बीबीसीचे फोन खणखणू लागले. काहींना राग आला, गंभीर कार्यक्रमात चेष्टा कसली? काहींच्या घरात वाद पेटला होता, त्यांना निकाल हवा होता. आणि कित्येकांनी विचारलं, हे झाड लावायचं कसं? त्यांना म्हणे उत्तर मिळालं, "टोमॅटो सॉसच्या डब्यात स्पॅगेटीची एक काडी खोचा आणि आशा ठेवा." सॉसचा डबा कशासाठी? कारण तेव्हा ब्रिटनमध्ये अनेकांना स्पॅगेटी माहीत होती ती सॉसमध्ये बुडवलेली, डबाबंद. खुद्द महासंचालक सर इयन जेकब पत्नीला म्हणाले, स्पॅगेटी झाडाला लागत नसावी. दोघांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका काढला, तर त्यात स्पॅगेटीची नोंदच नाही!

या प्रेक्षकांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. सरोवर खरं होतं, टिचिनो खरा होता, तिथली हवा खरोखर उबदार, लुगानोच्या काठावर पामची झाडं वाढतात. उशिराचं हिम बागायतदारांना खरंच छळतं. एवढ्या खऱ्या गोष्टींच्या टेकूवर एकच खोटी गोष्ट उभी होती, आणि तीही देशाच्या विश्वासातल्या आवाजात. म्हणून मला वाटतं, निवेदकाने अशी चेष्टा उभ्या आयुष्यात एकदाच करावी. डिंबलबींनी केली, झकास केली, पण ती एकदाच शोभते.

वेळ थोडा उरला आहे, तेवढ्यात एक शेवटचा समज. दक्षिण गोलार्धात बेसिनमधलं पाणी उलटं फिरत जातं म्हणतात. केनियात, युगांडात विषुववृत्ताच्या रेषेवर पर्यटकांना भोक पाडलेल्या भांड्यातून हे करूनही दाखवतात. रेषेच्या अलीकडे चार पावलं पाणी एका दिशेने, पलीकडे चार पावलं उलट. पण ती किमया भांडं धरणाऱ्याच्या हाताची. पाणी ओतलं कसं, भांडं वळवलं कसं, यावर दिशा ठरते.

इथेही खऱ्याचा टेकू आहेच बरं का. पृथ्वीच्या फिरण्याने मोठी वादळं दोन गोलार्धांत उलटसुलट फिरतात. पाण्यावरचा परिणाम मात्र फार क्षीण. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे अ‍ॅशर शापिरो यांनी सहा फूट रुंद टाकी भरली, २४ तास पाण्याला हात लावला नाही, मग बारीक भोकातून ते सोडलं. पहिली बारा-पंधरा मिनिटं काहीच नाही. नंतर पाण्यावरचा तरंगता तुकडा हळूहळू घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागला. १९६५ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला, तिथे तो घड्याळाच्या दिशेने फिरला. पाणी दिवसभर शांत ठेवलं, भोक बारीक ठेवलं, तरच हे दिसतं. हात धुवायच्या बेसिनमध्ये नाही, सिडनीतही नाही आणि लंडनमध्येही नाही.

नमस्कार.