खुर्चीतून उठताना

(दृश्य: चाळीची गॅलरी, दांडीवर वाळणारे कपडे, उघड्या दारातून दिसणारी खोली)

चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात पलंग, कपाट, ओटा, मोरी. संडास गॅलरीच्या टोकाला. हॉस्पिटलातून घरी आलेल्या आजींनी इथे व्यायाम करायचा कुठे? एक खुर्ची आणि तिच्यासमोर दोन पावलांची जागा, एवढ्यात भागतं.

निरोगी ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास 1 किलो स्नायू झडल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. आजींना तर त्यात न्यूमोनियाही होता. म्हणून ताप उतरला, डिस्चार्ज मिळाला, तरी उठताना पाय लटपटतात.

(दृश्य: भिंतीला टेकवलेली खुर्ची)

खुर्ची हात असलेली, जड, बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत लादीवर मागे सरकते. तीच असेल तर पाठ भिंतीला टेकवा. बैठक बुटकी वाटली तर सतरंजीची घट्ट घडी घाला. मऊ उशीत माणूस रुततो.

आता उठणं. आधी पुढे सरकून बैठकीच्या कडेवर यायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. मग नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं आणि खुर्चीचे हात दाबत उठायचं. गडबड होते ती वाकण्यात. पडायच्या भीतीने आजी ताठ राहतात, वजन मागेच राहतं आणि त्या धपकन परत बसतात. घरचे म्हणतात, पायात जोरच उरला नाही. पुष्कळदा जोर असतो, वाकणं कमी पडलेलं असतं. मात्र खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर किती वाकायचं ते सर्जनला विचारूनच.

बसताना सावकाश, तीन आकडे मोजत. मांड्यांचं खरं काम या खाली येण्यात होतं, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात. आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे श्वास रोखला जात नाही.

सुरुवातीला 5 वेळा, सकाळ-संध्याकाळ. दम लागला तरी बोलता आलं पाहिजे. दोन-तीन दिवस सहज जमलं की 8, मग 10. त्यानंतर हातांचा आधार हळूहळू कमी करायचा.

(दृश्य: सून आजींच्या बाजूला उभी)

समोर उभं राहून दोन्ही हात धरून ओढायचं नाही. खांदा दुखावतो, आणि सून जेवढं ओढते तेवढं काम आजींच्या मांड्यांचं कमी होतं. माया असते, पण व्यायाम सुनेचा होतो. बाजूला, किंचित मागे राहा. एक हात कमरेपाशी, फक्त तोल गेला तर.

पलंगावरून थेट उठवू नका. कडेवर बसवून पावलं 10 वेळा वर-खाली, मग मिनिटभर थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहताच चक्कर येऊ शकते. उभं राहिल्यापासून 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा; गोळी आपल्या मनाने बंद नको. छातीत दुखलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे.

गाऊन घोट्याच्या वर हवा. गुळगुळीत झालेल्या स्लिपर काढून टाका. पावसाळ्यात गॅलरी ओली असते. तेव्हा ओटा धरून टाचा 10 वेळा उचलायच्या, चालणं खोलीतल्या खोलीत.

(दृश्य: लाकडी जिना, कठड्यावरचा हात)

जिना सगळ्यात शेवटी, कठडा धरून. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा किंवा अशक्त पाय आधी. दोन्ही पाय एकाच पायरीवर आले की मगच पुढची. चढताना सोबतच्याने एक पायरी मागे राहायचं, उतरताना एक पायरी पुढे.