यीवूचं गुऱ्हाळ

श्रोतेहो, नमस्कार. चीनमधल्या लहान शहरात परदेशी माणूस कसा राहतो, ते आज सांगतो. शहराचं नाव यीवू. शांघायच्या नैऋत्येला, झेजियांग प्रांतात. लोकसंख्या १८ लाखांवर, तरी तिथल्या हिशेबात तालुक्याच्या दर्जाचं गाव. बटणं, खेळणी, पिना, कुलुपं असला बारीकसारीक माल घाऊक घ्यायला जगभरचे व्यापारी तिथे येतात, आपल्याकडचेही पुष्कळ. मीही त्याच कामासाठी राहिलो.

आधी कामाचं. हॉटेलात उतरलात तर तुमची नोंद हॉटेलवाले पोलिसांकडे करतात. भाड्याच्या घरात राहिलात तर पोलीस ठाण्यात जाऊन ती करायची, २४ तासांच्या आत. पुन्हा सांगतो, २४ तासांच्या आत. पासपोर्ट आणि भाडेकरार जवळ हवा, घरमालक सोबत आले तर उत्तम. घर बदललं की पुन्हा नोंद. पैसे मोबाइलवरून जातात, अगदी भाजीवालीकडेसुद्धा. आणि थंडी! उत्तर चीनमध्ये घरं तापवायची सार्वजनिक सोय असते, यीवूकडे नाही. तेव्हा जाड रजई पहिल्याच दिवशी घ्या.

आता मला खरं सांगायचंय ते. माझं गाव शिरोळ तालुक्यात, आजोबा गुळव्या. नोव्हेंबर संपत आला होता. घरमालकीणबाई म्हणाल्या, चला, माझ्या माहेरी ऊस गाळायला सुरुवात झालीय. माहेर यीथिंगचं, यीवूजवळच. मोटारीतून उतरलो आणि वास आला, श्रोतेहो, तोच वास! चिपाडाचा धूर, उकळता रस. आपली काहील एकच, मोठी. तिथे कढया ओळीने मांडलेल्या, रस एकीतून दुसरीत ओतत पुढे न्यायचा, शेवटच्या कढईत पाक होतो. तो फळीवर ओतून घोटतात आणि त्याची भुरभुरीत तांबडी साखर होते. ढेप नाही, पण गूळच तो.

तिथले म्हातारे गुळवे मला हाताने मागे सारत होते, पाक अंगावर उडेल म्हणून. मी बाईंमार्फत सांगितलं, माझे आजोबा हेच करायचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, शेवटच्या कढईकडे बोट दाखवलं आणि विचारलं, झालाय का? मी वाटीभर गार पाणी मागितलं. त्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांनी वळला. गोळी धरली नाही. म्हटलं, अजून थोडा. थोड्या वेळाने पुन्हा सोडला, आणि गोळी टणक झाली. त्या म्हाताऱ्या गुळव्यांनी ती माझ्या हातातून घेतली, दाबून पाहिली, सगळ्यांना हाक मारली. मग विचारलं, तुम्ही रसातली मळी कशी काढता? मी म्हटलं, भेंडीच्या झाडाच्या चिकाने. मोबाइलवर भेंडीचा फोटो दाखवला तर म्हणाले, ही तर आम्ही खातो!

त्यांचे वडील खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडायचे, हातात खुळखुळा. साखर द्यायची आणि कोंबडीची पिसं घ्यायची, खतासाठी, झाडण्यांसाठी. यीवूचे असे फेरीवाले पिढ्यान्‌पिढ्या होते. १९८२मध्ये तिथे बाजार उघडला, त्यामागे हीच माणसं. घाऊक बाजाराच्या मुळाशी गूळ आहे, हे मला त्या कढईपाशी समजलं.

त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत मी ‘साखर कळणारा भारतीय’ झालो. नोंदीच्या कागदावर माझा पत्ता होता, ओळख मला त्या गोळीने दिली.

गुळाचं निघालंच आहे तर सांगतो. आपल्याकडे गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतं, म्हणून त्यात रसायनं पडतात. गडद मागा हो, गडद!

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडे असलात तर यीथिंगला जरूर जा. गरम पाकात बुडवलेले पिठाचे तळलेले पीळ मिळतात. ते तिथेच, उभ्याने खायचे.