उतारा वाचायचा, की उत्तर शोधायचं?

(पडद्यावर: उत्तरपत्रिकेचं एक पान. छापल्यासारखं गोलसर इंग्रजी अक्षर.)

हे छापलेलं नाही. हातानं लिहिलंय. चीनमध्ये या अक्षराला लोक हंगशुई वळण म्हणतात. हबेइ प्रांतातलं हंगशुई हायस्कूल कडक शिस्तीसाठी आणि निकालासाठी देशभर प्रसिद्ध, आणि तिथल्या मुलांचं हे अक्षरही तितकंच. प्रत्येक ओ सारख्याच गोलाईचा, दोन शब्दांमधली जागा मोजून ठेवल्यासारखी. या वळणाच्या कित्त्याच्या वह्या आता सगळीकडे विकत मिळतात. उत्तरपत्रिका स्कॅन होते, परीक्षक ती संगणकाच्या पडद्यावर तपासतो, आणि डोळ्यांना बरं दिसणाऱ्या निबंधाला एक-दोन गुण जास्त पडतात, असं मुलं, शिक्षक, आईबाप सगळेच धरून चालतात.

लिहिण्यावर एवढा जीव टाकणारी ही मुलं इंग्रजी वाचायला कशी शिकतात, ते आज बघू. गुण खरं तर तिथेच जास्त आहेत.

(दृश्य: जूनची दुपार. परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची गर्दी.)

गाओकाओ. चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा. 2024 मध्ये तिला 1 कोटी 34 लाख मुलांनी नाव नोंदवलं, त्यातली 13 लाखांहून जास्त एकट्या हेनान प्रांतातली. इंग्रजीचा पेपर 8 जूनला दुपारी तीन ते पाच. श्रवणाचा भाग सुरू असताना केंद्राजवळ गाडीचा हॉर्न वाजवला, तर पोलीस येतात.

हा पेपर आज 150 गुणांचा आहे, पण इंग्रजीला हा मान एका दिवसात मिळाला नाही. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली परीक्षा 1977 च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हा इंग्रजी फक्त परकीय भाषा शिकायला जाणाऱ्यांना लागायचं. मग हळूहळू गुण धरायला सुरुवात झाली. आधी दहा टक्के, मग तीस, पन्नास, सत्तर, आणि 1983 मध्ये शंभर टक्के. तोपर्यंत शाळांना शिक्षक तयार करायलाही थोडा अवधी मिळाला.

बहुतेक प्रांतांत आजच्या 150 गुणांत श्रवणाचे 30, भाषेच्या वापराचे 30, लेखनाचे 40. आणि वाचनाचे 50. ए, बी, सी, डी असे चार उतारे, त्यांवर 15 प्रश्न. आपल्या बारावीच्या पेपरात ‘अनसीन पॅसेज’ असतो ना, तसेच. फक्त इथे खाली चार पर्याय असतात आणि एका प्रश्नाला अडीच गुण. वाचनाचे उरलेले साडेबारा गुण आणखी एका प्रकाराचे, तो पुढे येईलच.

(दृश्य: वर्ग. बाकांवर पुस्तकांच्या चळती. फळ्याच्या कोपऱ्यात परीक्षेला उरलेल्या दिवसांचा आकडा.)

कुठल्याही जिल्ह्याच्या गावातल्या हायस्कूलचा असा वर्ग डोळ्यांसमोर आणा. पन्नास-पंचावन्न मुलं. सकाळी तास सुरू होण्याआधी मोठ्यानं वाचन, रात्री दहापर्यंत शाळेतच अभ्यास. शब्द पाठ आहेत. अभ्यासक्रमाची शब्दयादी तीन हजारांच्या आसपास जाते, आणि उताऱ्यात यादीबाहेरचा शब्द आला, तर शेजारी कंसात त्याचा चिनी अर्थ छापलेला असतो. म्हणजे शब्द अडू नयेत, याची सोय केलेली आहे.

तरी गाडी अडते. कुठे अडते, ते या फळ्यावर बघा.

लाओशींनी, म्हणजे बाईंनी, एक साधं वाक्य लिहिलंय. ‘द ओल्ड मॅन हू रिपेअर्ड द क्लॉक लेफ्ट द टाउन.’ एकही शब्द अवघड नाही. त्या विचारतात, गाव कोणी सोडलं? मागच्या बाकावरून उत्तर येतं, घड्याळानं. वर्ग हसतो, पण हसणाऱ्यांतल्या काहींच्या वहीतही तेच लिहिलेलं असतं. ‘क्लॉक’ आणि ‘लेफ्ट’ शेजारी-शेजारी आहेत, म्हणून डोळ्यानं त्यांची जोडी लावून टाकली.

यामागे मुलांचा आळस नाही, त्यांच्या भाषेची घडण आहे. चिनी माणूस हेच वाक्य ‘घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा गाव सोडून गेला’ अशा क्रमानं बोलतो. म्हाताऱ्याबद्दल जे सांगायचं ते म्हाताऱ्याच्या आधी. मराठीतही आपण असंच बोलतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला समजावून सांगायला नको. इंग्रजीत नाम आधी येतं आणि त्याचं शेपूट मागून. ते शेपूट कधी कधी पंधरा शब्दांचं असतं, आणि त्याच्या पलीकडे मुख्य क्रियापद दडलेलं असतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर कर्ता कोण होता, हेच मूल विसरतं.

त्यात काळाची भर. चिनी क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही. काल, उद्या, आधी, झालं अशा शब्दांवर काम भागतं. त्यामुळे इंग्रजी गोष्टीत ‘आला’ आणि ‘आला होता’ यातला फरक नजरेतून निसटतो, आणि कोणती घटना आधी घडली यावरचा प्रश्न चुकतो.

म्हणून बाई रंगीत खडू घेतात. मुख्य कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन, बाकी सगळं कंसात. मग कंस पुसायचे. जे उरतं ते वाचायचं. म्हातारा, सोडलं, गाव. मग एकेक कंस परत आणायचा. चिनी शाळांमध्ये ‘लांब आणि अवघड वाक्यं’ हा तयारीचा वेगळा विभागच असतो, अशा वाक्यांचे संग्रह निघतात. कंटाळवाणं काम आहे. पण माझ्या मते या सगळ्या तयारीतला हाच भाग खरा वाचनाचा आहे, कारण इथे मूल लेखकाच्या वाक्याशी झटतं.

(दृश्य: प्रश्नपत्रिका. पेन्सिलीचं टोक उताऱ्यावरून सरळ खाली प्रश्नांकडे जातं.)

झटण्याऐवजी चकवा देण्याचं शास्त्रही आहे, आणि ते जास्त लोकप्रिय आहे.

आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला ठळक शब्द, नाव किंवा आकडा हेरा. उताऱ्यात तो शोधा. त्याच्या आजूबाजूची दोन वाक्यं वाचा, बाकी सोडून द्या. पर्यायात ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सगळेच’ असे शब्द असले तर तो बहुतेक चूक. आणि उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय दिसला, तर सावध, तो सापळा असू शकतो.

याच्याही खाली एक पायरी आहे. चीनमधल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला येणारं एक सूत्र. तीन लांब, एक आखूड, तर आखूड घे. तीन आखूड, एक लांब, तर लांब घे. दोन-दोन असतील तर बी. कशाचाच मेळ नसेल तर सी. मुलं हे हसत म्हणतात, पण वेळ संपत आली की हात तिकडेच वळतो.

ए उताऱ्यात या युक्त्या चालतात. तो बहुधा एखादी जाहिरात, संग्रहालयाचं माहितीपत्रक, सहलींचं वेळापत्रक असतो. तिथे माहिती शोधायचीच असते, गंभीर वाचन करण्याची गरजच नाही. डी उताऱ्यात मात्र पितळ उघडं पडतं. तिथे विज्ञानातलं एखादं संशोधन असतं, त्यावर कोणाचा तरी आक्षेप, आणि लेखकाचा स्वतःचा कल अर्ध्या वाक्यात सूचित केलेला. ‘लेखकाचा दृष्टिकोन कसा आहे?’ या प्रश्नात हेरायला ठळक शब्दच नसतो.

चारही उतारे झाले की येतो मुलांचा नावडता प्रकार, सातातून पाच. एका उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली. खाली सात वाक्यं. त्यातली दोन फसवी. वाक्यं जागेवर बसवा. इथे एक उत्तर चुकलं की दुसरंही घसरतं, कारण एकाच्या जागी दुसरं जाऊन बसतं. गाळलेल्या जागेनंतरचं वाक्य इंग्रजी ‘दे’ नं सुरू होतंय, तर आधीच्या वाक्यात ‘ते’ म्हणावं असे कोणीतरी अनेकजण असायलाच हवेत. पुढे ‘हाऊएव्हर’ असेल, तर मुद्दा उलटलाय. पेपर काढणाऱ्यांची ही कल्पना मला आवडते. वाक्य एकटं बघून इथे काहीच करता येत नाही. कशानंतर काय आलं, हे धरूनच बसावं लागतं.

(दृश्य: शाळेचं ग्रंथालय. इंग्रजी साप्ताहिकांची चळत, सोप्या इंग्रजीतल्या पातळ गोष्टींची पुस्तकं.)

युक्त्यांनी वाचन येत नाही, हे सरकारी अभ्यासक्रमाला ठाऊक नाही असं नाही. 2017 च्या हायस्कूल अभ्यासक्रमानं इंग्रजीची चार उद्दिष्टं ठरवली, आणि भाषेच्या बरोबरीनं विचारक्षमतेचं नाव घेतलं. पाठ्यपुस्तकाबाहेर किती वाचायचं याचा आकडाही दिला. सुरुवातीच्या टप्प्यात आठवड्याला किमान 1500 शब्द, पुढच्या टप्प्यात 2500.

अडीच हजार शब्द म्हणजे गोष्टीच्या पुस्तकाची आठ-दहा पानं. जमण्यासारखं आहे. पण परीक्षेचा एक उतारा साधारण तीनशे शब्दांचा असतो, म्हणजे आठवड्याला आठ-नऊ उतारे सोडवले की हिशेब पुरा! कागदोपत्री नियम पाळला गेला आणि मुलानं एकही गोष्ट शेवटपर्यंत वाचली नाही. काही शिक्षक विद्यार्थ्यांसाठी निघणारी इंग्रजी साप्ताहिकं वर्गात आणतात, आठवड्यातला एखादा तास प्रश्नांशिवाय वाचायला देतात. सोपी पुस्तकं देण्यामागे कारण आहे. पॉल नेशन आणि हू या भाषा-संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं दिसलं, की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. डी उताऱ्यावर रोज डोकं आपटणाऱ्या मुलाला इतका ओळखीचा मजकूर क्वचितच मिळतो. पण बारावीच्या वर्षात असा तास टिकवणं कठीण. प्रश्न नाहीत तर गुण कुठून वाढणार, असं पालक विचारतात, आणि त्यांना तोंडावर उत्तर देणं सोपं नाही.

ज्यांचं इंग्रजी मुळातच कच्चं राहिलंय, त्यांच्यापुढे आणखी एक दार आहे. परीक्षेत परकीय भाषा सक्तीची आहे, इंग्रजी नाही. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशही चालतात. जपानीत चिनी अक्षरं भरपूर, त्यामुळे हायस्कूलमध्ये येऊन जपानी सुरू करणाऱ्या मुलांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली.

(दृश्य: कोरी उत्तरपत्रिका. वर छापलेली अर्धी गोष्ट, खाली दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं.)

आता या पेपरातला सगळ्यात वेगळा प्रश्न. ऑक्टोबर 2016 मध्ये झेजियांग प्रांतानं तो पहिल्यांदा विचारला, आणि पुढे तो बऱ्याच प्रांतांच्या पेपरात आला. साडेतीनशे शब्दांच्या आसपास एक गोष्ट देतात, मध्येच तोडलेली. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं छापलेली. बाकीची गोष्ट तुम्ही दीडशे शब्दांत पुरी करायची. 25 गुण. नाव लेखनाचं, पण इथे वाचन चुकलेल्याची सुटका नाही. गोष्टीतली मुलगी पहिल्या परिच्छेदात पाण्याला घाबरत असेल, तर तिला शेवटी नदीत उडी मारायला लावण्याआधी काहीतरी घडावं लागेल. ठळक शब्द हेरून ही गोष्ट पुढे नेता येत नाही.

शिकवणीवाल्यांनी यावरही तोडगा काढलाच. भावनांच्या तयार वाक्यांच्या याद्या निघाल्या. आनंदाची वीस, भीतीची वीस, पश्चात्तापाची वीस. डोळ्यांत अश्रू दाटले, हृदय धडधडू लागलं, खिडकीतून सोनेरी ऊन आलं. मुलं ती शब्दांसारखीच पाठ करतात आणि गोष्ट कुठलीही असो, शेवटी सोनेरी ऊन पडतंच. हंगशुई वळणात लिहिलेलं ते ऊन दिसतंही छान.

यावर आपल्या वर्गातल्या बाईंचा उपाय अगदी घरगुती आहे. पुढच्या सोमवारपर्यंत अश्रू आणि ऊन, दोन्ही बंद. त्याऐवजी प्रत्येकानं दिलेल्या गोष्टीतल्या तीन तपशिलांखाली रेघ मारायची, एखादी वस्तू, एखादं वाक्य, एखादी सवय, आणि ते तिन्ही आपल्या शेवटात वापरायचे. रेघ मारलेला कागद निबंधाला जोडून द्यायचा. कागद नसेल, तर निबंध तपासला जाणार नाही.