इंग्रजी शब्दाची फोड

मित्रहो,

लॉजच्या पाटीवर इंग्रजीत ‘अकॉमोडेशन’ लिहिलेलं असतं. त्यात कधी एक सी कमी पडतो, कधी एक एम. रंगाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. शाळेत हा शब्द त्याला तेरा अक्षरांची रांग म्हणून मिळाला, आणि अर्थहीन रांगेतलं एखादं अक्षर गळणारच. आता तोच शब्द फोडून पाहू. आधी लॅटिनचा ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग, म्हणजे ‘कडे’. मग ‘कॉम’, म्हणजे ‘सह’. मग ‘मोड’ हे मूळ, म्हणजे माप. शेवटी नाम घडवणारा प्रत्यय. ‘अ‍ॅड’च्या डीपुढे सी आला की डीचाही सी होतो, म्हणून सी दोन. ‘कॉम’ एमवर संपतो आणि ‘मोड’ एमनेच सुरू होतो, म्हणून एमही दोन. आता यात पाठ करण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

डीचा सी झाला, याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. सत् अधिक जन म्हणजे सज्जन, जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, उत् अधिक लंघन म्हणजे उल्लंघन, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकलो आहोत. इंग्रजीतही हाच व्यंजनसंधी आहे. नकाराचा ‘इन’ हा उपसर्ग ‘लीगल’पुढे ‘इल’ होतो, ‘रेग्युलर’पुढे ‘इर’ होतो, ‘पॉसिबल’पुढे ‘इम’ होतो. इमिग्रेशनमध्ये एम दोन आणि एमिग्रेशनमध्ये एकच, कारण पहिल्यात ‘इन’ म्हणजे आत, दुसऱ्यात नुसता ‘ई’ म्हणजे बाहेर. मराठी माध्यमाच्या मुलाला संधी येतो. त्याच्या हातात असलेलं हे हत्यार इंग्रजीच्या तासाला आपण त्याला वापरूच देत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

उपसर्गांचंही तसंच. संस्कृतात एक प्रसिद्ध श्लोक आहे: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ धातू एकच, हृ. मागे प्र, आ, सम्, वि, परि लागले की अर्थ कुठल्या कुठे जातो. लॅटिनमधलं ‘पोर्ट’, म्हणजे वाहून नेणं, याच्याशी ताडून पाहा. आत नेलं तर इम्पोर्ट, बाहेर नेलं तर एक्सपोर्ट, पलीकडे नेलं तर ट्रान्सपोर्ट, मागे आणून दिलं तर रिपोर्ट, खालून उचलून धरलं तर सपोर्ट. आपले आयात आणि निर्यात हे शब्द याच रचनेचे आहेत: धातू ‘या’, उपसर्ग ‘आ’ आणि ‘निर्’.

हे साम्य सगळं योगायोगाचं नाही. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणाच्या रूपांत इतकं साम्य आहे की त्या एकाच उगमातून आल्या असल्या पाहिजेत. पुढे 1816 मध्ये जर्मन भाषाभ्यासक फ्रान्त्स बोप यांनी या भाषांच्या क्रियापदांची रूपं शेजारी ठेवून दाखवली. मूळ आणि प्रत्यय असे शब्द सोडवण्याची शिस्त युरोपच्या अभ्यासकांमध्ये पक्की होण्यात संस्कृत व्याकरणाच्या ओळखीचा मोठा वाटा आहे.

या नात्याचा माझ्या सर्वांत आवडीचा पुरावा म्हणजे नकार. इंग्रजीचा स्वतःचा, जुना अँग्लो-सॅक्सन नकार ‘अन’. लॅटिनचा ‘इन’. ग्रीकचा व्यंजनापुढे ‘अ’ आणि स्वरापुढे ‘अन्’. आणि संस्कृतचा? व्यंजनापुढे ‘अ’, स्वरापुढे ‘अन्’: अज्ञान, अन्याय, पण अनंत, अनादर. चौघे सख्खे भाऊ आहेत. ‘अननोन’ हा शब्द घ्या. त्यातला ‘अन’ आपला ‘अ’ आहे, आणि मधला ‘नो’, ज्याच्या स्पेलिंगमध्ये मुका के आहे, तो आपला ‘ज्ञा’ आहे. म्हणजे हा शब्द ‘अज्ञात’चा भाऊबंद. त्या मुक्या केचा उच्चार पूर्वी इंग्रज करतही असत. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’मध्ये, म्हणजे अज्ञेयवादी या अर्थाच्या शब्दात, तेच दोघे ग्रीक वेषात येतात. आणि ‘अ‍ॅनॉनिमस’? ग्रीक ‘अन्’ आणि नाम या अर्थाचा ग्रीक शब्द. आपण ‘अनामिक’ म्हणतो तेव्हा तुकड्याला तुकडा जुळतो.

आता मुक्या अक्षरांकडे येऊ, कारण इंग्रजीवर सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा असतो. ‘साइन’मध्ये जी कशाला? ‘सिग्नेचर’ म्हणा, जी बोलू लागतो. ‘रिझाइन’मधला जी ‘रेझिग्नेशन’मध्ये ऐकू येतो. ‘बॉम’मधला शेवटचा बी ‘बॉम्बार्ड’मध्ये, ‘कॉलम’मधला एन ‘कॉलम्निस्ट’मध्ये, ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये. इंग्रजी स्पेलिंग उच्चारापेक्षा कुळाला जास्त जपतं. ‘इलेक्ट्रिक’चा क ‘इलेक्ट्रिसिटी’त स होतो, पण लिहिताना सी जागेवरच राहतो, म्हणजे डोळ्यांना मूळ ओळखता येतं. काही ठिकाणी हे कुळ नंतर आठवण करून घातलेलं आहे. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसवला. तोच बी बँकेच्या पासबुकात ‘डेबिट’मध्ये आपण रोज वाचतो. ‘आयलंड’मधला एस मात्र निव्वळ चुकीने आला. तो शब्द अस्सल इंग्रजी, पण बेट याच अर्थाच्या, लॅटिन कुळातल्या ‘आइल’शी नातं आहे असं समजून त्याला एस चिकटवला.

प्रत्यय शब्दाची जात ठरवतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. नेशन, नॅशनल, नॅशनलाइझ, नॅशनलायझेशन: नाम, विशेषण, क्रियापद, पुन्हा नाम. तिथे मी थांबत नाही. मला सांगायचं आहे ते आघाताबद्दल, कारण ते वर्गात कोणी सांगत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ग्रीक-लॅटिन प्रत्ययांपैकी बरेचसे आघात हलवतात. ‘नेस’, ‘फुल’, ‘लेस’ हे घरचे प्रत्यय हलवत नाहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यामागून फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक ओतलं. त्या थरांचा फरक आजही जिभेवर असा जाणवतो.

ही यंत्रणा वापरून नवे शब्द कसे पाडतात, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत देखणं उदाहरण 1834 सालचं आहे. मायकेल फॅरडे, लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. विद्युत-विघटनाचे, म्हणजे वीज सोडून पदार्थाचे घटक वेगळे करण्याचे प्रयोग त्याने केले, पण त्यात दिसलेल्या गोष्टींना नावं नव्हती आणि ग्रीकचं शिक्षण त्याला मिळालं नव्हतं. त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहिलं. ह्यूएलनी सुचवलं: ‘होडोस’ म्हणजे वाट. द्रावणात बुडवलेल्या वीजवाहक टोकांपैकी एक, वर जाणारी वाट, अ‍ॅनोड; दुसरं, खाली जाणारी वाट, कॅथोड. आणि जो कण चालत जातो तो ‘आयन’, म्हणजे जाणारा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे शब्द आहेत, आणि मुलं कुठला अ‍ॅनोड, कुठला कॅथोड यात गोंधळतात. ‘होडोस’ सांगितलं तर तोच तुकडा त्यांना ‘पीरियड’मध्येही सापडेल. तिथला ‘पेरी’ आपल्या ‘परि’चा भाऊ.

एक सावधगिरी मात्र हवीच. पेट्रोलच्या टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ लिहितात. इथला ‘इन’ नकाराचा नाही. तो ‘आत’ या अर्थाचा. शब्दाचा अर्थ पेट घेणारा, आणि उलटा समजला तर जीव जाईल. म्हणूनच इंग्रजीत आता ‘फ्लेमेबल’ लिहिण्याकडे कल आहे. ‘इनव्हॅल्युएबल’मध्ये ‘इन’ नकाराचाच, पण अर्थ कवडीमोल असा नाही. आपलं ‘अमूल्य’ आठवा. फोड चुकीच्या जागीही होते. ‘हेलिकॉप्टर’मध्ये ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टर’ म्हणजे पंख, पत् या धातूच्या कुळातला. लोकांनी तो ‘हेलि’वर मोडला आणि हेलिपॅड, हेलिपोर्ट तयार झाले. तेही आता शुद्ध इंग्रजीच. तेव्हा फोड करून अर्थाचा अंदाज बांधायचा आणि मग शब्दकोश उघडायचा, या क्रमाने.

शिक्षकांनी विचारलं आहे की सुरुवात कुठून करायची. सहावीपासून, आणि आठवड्याला एकच मूळ. पहिलं ‘पोर्ट’, कारण ते भूगोलाच्या पुस्तकात असतंच. मग ‘स्पेक्ट’, म्हणजे पाहणं: इन्स्पेक्टर, स्पेक्टेटर, रिस्पेक्ट, सस्पेक्ट. तिसरं ‘स्क्रिप्ट’, म्हणजे लिहिणं, त्यासाठी घरातलं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन वर्गात आणायला सांगा. ग्रीक मुळं आठवीपर्यंत थांबवा. विज्ञानाचे शिक्षक बरोबर असले तर ती तिथेच चांगली रुजतात.