पत्त्याच्या पानाएवढा डोंगर

नमस्कार मंडळी, आज जरा माझ्या एका खुळाबद्दल बोलायचंय. मी वॉटरकलरमध्ये लँडस्केप करते, नेहमी हाफ शीटवर, म्हणजे 15 बाय 22 इंच, आणि मध्ये असं व्हायला लागलं की आभाळ झकास जमायचं पण खाली शेतापर्यंत येईस्तोवर माझाच दम संपायचा. अर्धवट चित्रांचा ढीग झाला नुसता. मग एक दिवस वैतागून त्यातलाच एक कागद उलटा केला आणि अडीच बाय साडेतीन इंचाचे तुकडे कापले, पत्त्याच्या पानाएवढे, एका हाफ शीटमधून बरोब्बर 36 निघाले.

म्हटलं सोप्पं आहे, नेहमीचंच चित्र बारीक करायचं! तिथेच फसले. डबल झिरोचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश घेऊन एकेक झाड, एकेक फांदी, कुंपणाची तारसुद्धा काढत बसले, दोन तासांनी डोळे चुरचुरायला लागले आणि चित्र बघितलं तर मुंग्यांची वरात. शिवाय एवढ्याशा ब्रशात पाणी राहतच नाही, त्यामुळे आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, अर्ध्यावर सुकून मधोमध कड पडलेली.

मग उलटं केलं, सहा नंबरचा राउंड ब्रश घेतला, टोक चांगलं असलेला. त्याच्या पोटात पाणी भरपूर राहतं आणि टोकाने बारीक रेघही निघते. ब्रश आडवा टेकवून एकदाच ओढला आणि अहो, डोंगर झाला की! झाडं म्हणजे तीन ठिपके, ओले असतानाच एकमेकांत मिसळू दिलेले. पण मग टोन चुकून चालत नाही, लांबचा डोंगर फिका आणि जवळची झाडं गडद एवढं जमलं नाही तर तिथे डोंगर आहे की डाग तेच कळत नाही, मी तर आता डोळे बारीक करून बघते आणि जे दिसेनासं होतं ते काढतच नाही. कागदही बदलावा लागला, कारण रफ कागदाचा दाणा मोठ्या चित्रात छान दिसतो पण इथे एकेक दाणा धोंड्यासारखा, म्हणून हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद घेतला.

हे खूळ काही नवीन नाही बरं का. 1889 मध्ये मेलबर्नला टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स कोंडर वगैरे चित्रकार मंडळींनी छोट्या चित्रांचं अख्खं प्रदर्शन लावलं होतं, बरीचशी 9 बाय 5 इंचाची, त्यातली कितीतरी सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर रंगवलेली. एका समीक्षकाने पेपरात धू धू धुतलं, तर ह्या पठ्ठ्यांनी तेच कात्रण प्रदर्शनाच्या दारावर लावलं! मला हे फार आवडतं.

परवा मी त्या 36 मधलं एक बरं जमलेलं चित्र पुन्हा हाफ शीटवर करायला घेतलं. इथे एका फटक्यात आलेला डोंगर तिथे वीस स्ट्रोक मारून भरावा लागला आणि दिसायला लागला गोधडीसारखा. छोट्या पानावर तो स्ट्रोक सेंटिमीटरभर रुंद होता, हाफ शीटवर तेवढाच रुबाब हवा तर सहापट म्हणजे सहा सेंटिमीटरचा ब्रश पाहिजे. सध्या भिंती रंगवायचा एक ब्रश धुऊन वाळत घातलाय.